आजीचे वडगाव कोणते?

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून मंठ्याला आला होता. पोरगा शिकलेला आणि हौशी आहे. "मामा, आपल्या घराण्याची वंशावळ मी मोबाईलवर भरतोय. तुम्ही फक्त नावे सांगा," म्हणाला. मला आनंदच झाला. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही बसलो. मी सांगत होतो, तो भरत होता. आजोबांचे नाव झाले, त्यांच्या भावांची झाली. मग माझ्या आजीची पाळी आली. नावापुढे जन्मस्थळाचा रकाना होता. मी म्हणालो, "वडगाव लिही. तिचे माहेर वडगाव." त्याने वडगाव टाइप केले, तशी खाली गावांची यादी उघडली. त्यातले पहिले वडगाव त्याने बोटाने दाबले आणि आम्ही पुढच्या नावाकडे वळलो.

महिन्याभराने भाच्याने ती वंशावळ मोठ्या कागदावर छापून, काचेची चौकट करून पाठवली. घरात सगळ्यांनी कौतुक केले. थोरल्या आत्याला दिसत नाही, म्हणून मी तिला एकेक नाव वाचून दाखवू लागलो. आजीच्या नावाखाली छापले होते, वडगाव, जिल्हा पुणे. आत्या एकदम म्हणाली, "माझ्या मायला पुण्याची केली का रे तुम्ही? तिनं पुणं सपनातबी पाह्यलं नव्हतं. ती नदीपल्याडची, वऱ्हाडातली."

मी गप्प झालो. चूक कॉम्प्युटरची नव्हती. त्याने यादी दाखवली होती, बोट आम्ही दाबले होते. आज आत्या हयात आहे म्हणून चूक सापडली. दहा वर्षांनी ती चौकट कोणी पाहिली असती तर त्याला वाटले असते, छापलेले आहे म्हणजे खरेच असणार. माझ्या आजीचे माहेर कायमचे पुसले गेले असते आणि त्याच्या जागी भलतेच गाव बसले असते.

वाचक बंधू-भगिनींनो, हल्ली आपल्या घरांतली शिकलेली मुले वंशावळी तयार करू लागली आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. आपल्या वाडवडिलांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत. आपला इतिहास आजी-आजोबांच्या तोंडी राहिला आणि त्यांच्याबरोबर निम्मा गेला. उरलेला लिहून ठेवायलाच हवा. पण लिहिताना गावाच्या नावाचे काय करायचे, हा प्रश्न घरोघरी येतो. आठवणीतले गाव बहुधा अपुरे असते. नुसते वडगाव, नुसते पिंपळगाव किंवा नुसते 'परतूरकडचे'. आणि समोरचा रकाना पूर्ण पत्ता मागतो. तेव्हा काय करावे, याबद्दल मी जे शिकलो ते आज सांगतो.

नावे सारखी, गावे निराळी

गावाचे नाव पूर्ण केव्हा म्हणायचे? गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि देश या पायऱ्या भरल्या म्हणजे. यातली एखादी जरी सुटली तरी घोटाळा होऊ शकतो, कारण आपल्याकडे एका नावाची गावे पुष्कळ आहेत.

वडगावाचेच घ्या. आमच्या मंठा तालुक्यातच वैद्य वडगाव आहे आणि लिंबे वडगावही आहे. नदी ओलांडून लोणारकडे गेले की वडगाव तेजन लागते. पुण्याकडे वडगाव मावळ आणि वडगाव शेरी आहेतच. पिंपळगावाचेही तसेच. पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव राजा बुलढाणा जिल्ह्यात, पिंपळगाव हरेश्वर जळगाव जिल्ह्यात आणि पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात. घरात बोलताना मागचा शब्द कोणी उच्चारत नाही, कारण ऐकणाऱ्याला माहीत असते. दोन पिढ्यांनी ऐकणारा बदलतो आणि तो शब्द हरवतो. बुद्रुक आणि खुर्द हे शब्दही असेच गळतात. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही गावे शेजारी असली तरी शाळा वेगळी, सातबारा वेगळा.

मोठ्या नावांचाही भरवसा नाही. औरंगाबाद म्हटले की आपल्याला आपलेच शहर आठवते, ज्याचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. पण बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. नुसते औरंगाबाद लिहून पुढे गेलात तर तुमचे आजोबा कॉम्प्युटरच्या नकाशावर बिहारात जाऊन बसतील.

दुसरी अडचण अशी की जुनी माणसे पुष्कळदा स्वतःच्या गावाऐवजी जवळच्या मोठ्या गावाचे नाव सांगत. आमच्या भागातला माणूस मुंबईत कामाला गेला की "कुठला?" या प्रश्नाला "परतूरचा" म्हणे, कारण रेल्वेचे स्टेशन परतूरला. त्याचे खरे खेडे स्टेशनापासून कोसभर असो की पाच कोस. मुंबईतल्या नातवंडांना मग परतूर एवढेच ठाऊक. ते चूक नाही, पण ते गाव आहे की गावाची दिशा आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

रिकामी जागा राखून ठेवा

आता सॉफ्टवेअरकडे वळू. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जगभर जेडकॉम नावाची पद्धत वापरतात. तिच्यात ठिकाण लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे जायचे असते आणि दोन नावांच्या मध्ये स्वल्पविराम द्यायचा असतो. म्हणजे आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा, राज्य आणि शेवटी देश. मधली पायरी माहीत नसेल तर ती जागा रिकामी ठेवून स्वल्पविराम तसाच द्यायचा. तालुका माहीत नसलेले गाव असे लिहावे: "पिंपळगाव, , जालना, महाराष्ट्र, भारत". दोन स्वल्पविरामांमधली मोकळी जागा सांगते की इथे तालुका यायचा आहे, अजून सापडलेला नाही. स्वल्पविराम गाळला तर जालना हा जिल्हा न राहता तालुक्याच्या जागी सरकतो आणि पुढच्या साऱ्या पायऱ्या चुकतात.

आम्ही कारकून मंडळी हे लवकर समजतो. तक्त्यातला एक रकाना कोरा असला म्हणून पुढची रक्कम त्यात ओढून आणत नाहीत. कोऱ्या रकान्याने बेरीज चुकत नाही. चुकीच्या रकान्यातल्या आकड्याने चुकते.

आत्याचे ऐकल्यावर मी आजीचे जन्मस्थळ दुरुस्त केले. नदीपलीकडचे म्हणजे पूर्णेपलीकडचे. आमच्याकडून लोणारच्या बाजूला जाताना पूर्णा आडवी येते. आजी जन्मली तेव्हा अलीकडे निजामाचे राज्य, ज्याला म्हातारी माणसे मोगलाई म्हणत, आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. म्हणून आता तिच्या नावाखाली असे आहे: "वडगाव, , , मध्य प्रांत व वऱ्हाड, भारत". तालुका आणि जिल्हा कोरे आहेत. भाचा म्हणाला, "मामा, वडगाव तेजनच असणार, टाकून देऊ." मी नको म्हणालो. असेलही, पण वऱ्हाडात वडगाव एकच आहे असे थोडेच आहे? टीपेच्या जागेत मी आत्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले. कोणी सांगितले, सांगणाऱ्याचे नाते काय, कोणत्या तारखेला सांगितले, हेही लिहिले. उद्या आजीच्या माहेरचा कोणी भेटला तर या टीपेवरून त्याला पुढे शोधता येईल. अंदाजाने पूर्ण केलेले नाव मात्र शोध बंद करते, कारण जे सापडले आहे ते कोणी शोधत नाही.

घर तेच, जिल्हा निराळा

पायऱ्या भरताना दुसरा प्रश्न येतो. आजचा जिल्हा लिहायचा की तेव्हाचा?

मंठ्याचेच पाहा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले, पण हैदराबाद राज्य राहिलेच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका त्यात आला. मंठा तेव्हा परतूर तालुक्यात होते, स्वतंत्र तालुका नंतर झाला. म्हणजे १९४० साली इथे जन्मलेली बाई एकाच घराच्या उंबऱ्यावर बसून तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहून गेली. तिच्या जन्मस्थळी 'जिल्हा जालना' लिहिले तर गाव सापडेल, पण जुना कागद सापडणार नाही, कारण त्या काळचा कागद परभणीच्या नावाने असणार.

आपल्या साऱ्यांच्या घरातली एक तारीख घेऊ. १४ ऑक्टोबर १९५६. वंशावळीत जन्म, लग्न, मृत्यू याबरोबर दीक्षेची नोंदही जरूर करावी, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. आपण सहज लिहितो, नागपूर, महाराष्ट्र. पण त्या दिवशी महाराष्ट्र राज्य नव्हते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते, एवढेच नव्हे तर त्या राज्याची राजधानी होते. ते मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेनंतर अठराव्या दिवशी. आमच्याकडून त्या सोहळ्याला जो कोणी गेला असेल, तो हैदराबाद राज्यातून निघून मध्य प्रदेशात पोहोचला. आज ते एकाच राज्यातले दोन कोपरे आहेत.

यावर तोड अशी की ठिकाण घटनेच्या काळातले लिहावे आणि आजचे नाव टीपेत द्यावे. काही सॉफ्टवेअरमध्ये याची चांगली सोय आहे. ग्रॅम्प्स नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एकच गाव वेगवेगळ्या काळासाठी वेगवेगळ्या जिल्ह्याखाली ठेवता येते आणि त्याला तारखा जोडता येतात. गाव एकदाच लिहायचे, वरच्या पायऱ्या काळाप्रमाणे बदलतात. इतर ठिकाणी ही सोय नसेल तर टीप लिहिण्याची जागा तरी असतेच.

जन्म आजोळी, नाव बापाच्या गावाचे

आणखी एक चूक आपण न कळत करतो. जन्मस्थळ माहीत नसले की बापाचे गाव भरून टाकतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. म्हणजे थोरल्या मुलाचा जन्म पुष्कळदा आजोळचा. शिवाय आपली माणसे पोटामागे फिरणारी. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्याला गेली. ऊसतोडीला गेलेल्या बाया कारखान्याच्या तळावरच्या कोपीत बाळंत झाल्या. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, तेव्हा किती जणांनी गाव सोडले आणि मुले दुसरीकडे जन्मली. या सर्वांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे गाव लागले असेल. दाखल्यावर आहे ते 'दाखल्याप्रमाणे' म्हणून लिहा. घरचे वेगळे सांगत असतील तर तेही लिहा. दोन्ही राहू द्या.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. त्यांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. जन्म मात्र १४ एप्रिल १८९१ ला महू येथे, कारण वडील रामजी सुभेदार तिथे लष्करात नोकरीला होते. शाळेत नाव दाखल झाले ते साताऱ्याला, ७ नोव्हेंबर १९०० रोजी. 'जन्म म्हणजे बापाचे गाव' हा नियम लावला असता तर बाबासाहेबांचे जन्मस्थळ आंबडवे झाले असते आणि महू पुसले गेले असते. महूच्या पायऱ्या भरतानाही जपावे लागते. १८९१ साली मध्य प्रदेश नावाचे राज्य नव्हते, महू ही इंग्रजांची लष्करी छावणी होती. २००३ साली महूचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. आंबडव्याचे नावही पुस्तकांतून दोन-तीन तऱ्हांनी छापलेले आढळते. ज्यांच्या जीवनाचा एकेक दिवस अभ्यासकांनी शोधला, त्यांच्याबाबत एवढी काळजी घ्यावी लागते, तर तुमच्या-आमच्या आजीबद्दल किती घ्यावी लागेल?

वस्तीचे नाव

गावाच्या खाली आणखी एक पायरी आहे, वस्तीची. जुन्या कागदावर महारवाडा असते. आज तिथे भीमनगर किंवा सिद्धार्थनगर अशी पाटी असेल. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनेही वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. मग वंशावळीत काय लिहावे? एका तरुण कार्यकर्त्याने मला बजावले, "तो शब्द आपल्या हाताने पुन्हा लिहायचा नाही." त्याची भावना मी समजतो. पण जुन्या कागदावर जे आहे ते बदलले तर पुढच्या पिढीला तो कागद ओळखता येणार नाही आणि आपण काय सोसून इथवर आलो हेही कळणार नाही. म्हणून मी मुख्य रकान्यात आजचे नाव ठेवतो आणि टीपेत 'जुन्या कागदावर असे' म्हणून मूळ शब्द अवतरण चिन्हात देतो.

मुंबईकर मंडळींचे उलटे असते. त्यांना वरळीच्या किंवा नायगावच्या बी.डी.डी. चाळीचा नंबर आणि खोली पाठ असते, पण मूळ गावाचा तालुका माहीत नसतो. तो चाळीचा नंबरही सोडू नका. शेजारी कोण राहत होते ते त्यावरून शोधता येते आणि एकाच गावची माणसे पुष्कळदा एकाच चाळीत असत. शेजाऱ्याच्या नातवाला आजोबांचा तालुका माहीत असू शकतो.

शपथपत्रात अंदाज नको

इथे एक इशारा देतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात आणि वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मोबाईलवरची वंशावळ पाहून शपथपत्र तयार केले. पणजोबांचे गाव त्याने आजच्या तालुक्या-जिल्ह्यासह लिहिले. सोबत जोडलेल्या शाळेच्या जुन्या उताऱ्यावर नुसते गावाचे नाव आणि जिल्हा परभणी. दोन्ही गावे एकच आहेत हे सिद्ध करा, म्हणून त्याची फाईल परत आली. मुलाचा कॉलेजचा प्रवेश तोंडावर, आईची झोप उडाली. अखेर जिल्हा केव्हा बदलला याचा कागद जोडून काम झाले, पण हेलपाटे किती झाले ते त्या माउलीला विचारा. शपथपत्रात कागदावर जसे आहे तसेच लिहावे आणि 'सध्याचा तालुका व जिल्हा अमुक' असे पुढे वेगळे लिहावे. कॉम्प्युटरने सुचवलेले नाव हा पुरावा नव्हे.

निजाम काळातले कागद पाहताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. पुष्कळ कागद उर्दूत आहेत. घाईच्या लेखनात नुक्ते गळतात आणि गावाचे नाव दोन प्रकारे वाचता येते. जाणकाराकडून वाचून घ्या आणि दोन्ही वाचने लिहून ठेवा. वर्षही फसली असते. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. एवढे कळले की त्या साली जिल्हा कोणता होता हेही ठरवता येते.

घरी करण्याजोगे

१. मोबाईल नंतर, आधी वही. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून सुरुवात करा. पुरुषांना शेत आठवते, बायकांना माहेरे आठवतात.

२. "गाव कोणते?" एवढ्यावर थांबू नका. बाजार कुठला? नदी कोणती? वाटेत कोणती गावे लागत? स्टेशन कोणते? पायी किती वेळ लागे? तिथे सोयरीक कोणाकडे आहे? तालुका न सांगणारी आजी वाट बरोबर सांगते.

३. सांगितले तसे आधी लिहा. शुद्ध रूप आणि पूर्ण पत्ता त्यानंतर वेगळा लिहा.

४. माहीत नसलेल्या पायरीची जागा कोरी ठेवा. अंदाज करायचाच असेल तर तो टीपेत, 'अंदाज' असा शब्द लिहून करा.

५. यादीतले पहिले नाव दाबू नका. जिल्हा वाचा, राज्य वाचा. नकाशावरची खूण खात्री असेल तरच लावा.

६. कोणी सांगितले, कधी सांगितले, कोणता कागद पाहिला, हे प्रत्येक नोंदीखाली लिहा.

७. छापण्यापूर्वी सगळे घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. दिसत नसले तरी त्यांना ऐकू येते.

आमच्या घरची जुनी चौकट मी उतरवली. भाच्याने नवा कागद छापून पाठवला आहे. त्यात आजीच्या नावाखाली दोन स्वल्पविराम मोकळे आहेत. येणारे-जाणारे विचारतात, "हे काय राहून गेले?" मी सांगतो, राहून गेले नाही, शोधायचे आहे. परवा लोणारकडचे एक पाहुणे लग्नाच्या निमित्ताने आले होते. चौकटीपुढे उभे राहून म्हणाले, "आमच्याकडच्या एका वडगावात तुमच्या आडनावाची सोयरीक होती असे वडील म्हणत. विचारून सांगतो." कदाचित ते कळवतील, कदाचित नाही. पण त्या जागी पुणे छापलेले असते तर त्यांनी ही गोष्ट काढलीच नसती.

तेव्हा या रविवारी विहारातून घरी आलात की वही घ्या आणि आजीजवळ बसा. तिच्या माहेरची वाट तिच्या तोंडून लिहून घ्या. सॉफ्टवेअर उद्याही मिळेल.

जयभीम.